"आपण सगळ्या बायकाच ना!" एवढ्यावर भागत नाही: बेलग्रेडच्या काळ्या कपड्यांतल्या बायका

शेवंती

कंपनीच्या कामासाठी मी चौदा महिने सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडला होते. तिथे कुणाला भेटायचं ठरलं की "घोड्यापाशी" भेटायचं. रिपब्लिक चौकात राजपुत्र मिहाइलोचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी. पुण्यात अलका चौक, तसं. अर्धं बेलग्रेड तिथे कुणाची ना कुणाची वाट बघत उभं असतं.

10 जुलैच्या संध्याकाळी मीही अशीच ऑफिसातल्या मैत्रिणीची वाट बघत होते. समोर बऱ्याच बायका आणि थोडे पुरुष, सगळे काळ्या कपड्यांत. हातात फलक, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं पथनाट्य आहे, आता डफ वाजेल. डफ काही वाजला नाही. भोवती पोलिसांचं कडं होतं आणि कड्यापलीकडून काही पोरं तोंडाला येईल ते ओरडत होती. मैत्रीण आली, तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "चल इथून." कोण आहेत या, विचारलं तर म्हणे, "गद्दार आहेत, असं माझे बाबा म्हणतात." चौक ओलांडेपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी आत्या असते त्यांच्यात."

मग मी जमेल तसं वाचत, विचारत गेले. ते इथे लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

संघटनेचं नाव "झेने उ त्सर्नोम", म्हणजे काळ्या कपड्यांतल्या बायका. बेलग्रेडमध्ये त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या 9 ऑक्टोबर 1991 ला. युगोस्लाव्हिया फुटत होता, क्रोएशियातल्या व्हुकोवारला वेढा पडला होता, तिथल्याच दुब्रोव्निकवर हल्ला सुरू होऊन आठवडा झाला होता. या बायका त्याच देशाच्या राजधानीत उभ्या होत्या ज्याचं सैन्य तिकडे तोफा डागत होतं. स्ताशा झायोविच ही त्यांच्यातली प्रमुख. युद्धाची वर्षं त्या दर बुधवारी उभ्या राहिल्या. फलकावर "आमच्या नावाने नाही". तिकडे घरात कुणी गेलं की बाई काळं घालते, आई किंवा विधवा असली तर वर्षानुवर्षं. पण ते आपल्या माणसासाठी. यांनी शत्रू म्हटलेल्यांच्या मेलेल्यांसाठी काळं घातलं. लोकांना राग आला तो याचा.

कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. जेरुसलेममध्ये 1988 च्या जानेवारीत, पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलच्या कब्ज्याविरुद्ध पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असताना, इस्रायली बायका दर शुक्रवारी काळ्या कपड्यांत उभ्या राहू लागल्या होत्या, "कब्जा संपवा" म्हणत. तिथून ते इटलीतल्या बायकांनी उचललं आणि इटलीतून बेलग्रेडला आलं. आपल्याकडे बंगळुरूच्या विमोचना संघटनेनेही ते उचललं.

मला जे खरं सांगायचंय ते आता. याआधी, 1991 च्याच उन्हाळ्यात, सैनिकांच्या आया उठल्या होत्या. 2 जुलैला बेलग्रेडच्या संसदेत शिरल्या, आमची पोरं स्लोव्हेनियातून परत आणा म्हणून. ऑगस्टअखेर क्रोएशियातून बसेस भरभरून आया बेलग्रेडला आल्या. वाटावं, आता या बायका एकत्र येतील आणि युद्ध थांबवतील. झालं भलतंच. थोड्याच दिवसांत प्रत्येक बाजूच्या आया आपापल्या झेंड्याखाली गेल्या. "माझा मुलगा परत द्या" याचा अर्थ "त्यांच्या सैन्यातून सोडा, आपल्या सैन्यात येऊ द्या" असा होऊन बसला. आईची माया खोटी नव्हती. पण तेवढ्या मायेवर सीमा ओलांडता आली नाही.

काळ्या कपड्यांतल्या बायका टिकल्या, कारण त्यांनी "आपण सगळ्या बायकाच, आपलं दुःख सारखंच" असं म्हटलं नाही. बेलग्रेडची बाई आणि बोस्नियातल्या सारायेव्होची बाई सारख्या नव्हत्या. एकीच्या शहरावर गोळे पडत होते आणि दुसरीच्या सरकारच्या पाठबळावर ते डागले जात होते. म्हणून बेलग्रेडच्या बायकांनी नियम घातला: आधी आपल्या बाजूच्या गुन्ह्यांबद्दल बोलायचं. समोरच्या बाजूचं त्या बाजूच्या बायका बोलतील. इटलीतल्या कार्यकर्त्या यालाच म्हणायच्या, पाय आपल्या मुळांत ठेवायचे आणि तिथूनच दुसरीच्या जागी सरकून बघायचं. मुळं सोडायची नाहीत, आणि सरकणंही सोडायचं नाही.

1992 पासून दर उन्हाळ्यात सर्बियाच्या उत्तरेकडच्या व्हॉयव्होदिनात त्यांचे मेळावे भरायचे. क्रोएशियातून सर्बियात यायला सरळ रस्ता उरला नव्हता, म्हणून बायका हंगेरीमार्गे वळसा घालून यायच्या. शेजारच्या देशात जायला तिसरा देश ओलांडायचा.

हे गोड गोड नव्हतं. क्रोएशियातल्या स्त्रीवाद्यांत उभी फूट पडली. एका गटाचं म्हणणं, बलात्कार हे सर्बांचं शस्त्र आहे, बेलग्रेडच्या बायकांबरोबर एका व्यासपीठावर बसणंच चूक. दुसऱ्या गटाचं म्हणणं, बाईच्या देहावर पुन्हा झेंडा रोवू नका. 1992 च्या डिसेंबरात झाग्रेबच्या एका साप्ताहिकाने दुसऱ्या गटाच्या पाच लेखिकांना चक्क चेटकिणी ठरवून छापलं. त्यातली एक, राडा इवेकोविच, भारतविद्येची अभ्यासक, बौद्ध तत्त्वज्ञानावर काम केलेली. पाचांपैकी काहींना देश सोडावा लागला.

आणि पहिल्या गटाचंही सगळं खोटं नव्हतं. बोस्नियातल्या बलात्कारांचे अंदाज 20 हजारांपासून 50 हजारांपर्यंत आहेत आणि त्यांत बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातल्या मुसलमान, बायकांचा वाटा फार मोठा. "सगळ्याच बाजूंनी झालं" असं घाईने म्हणणारा माणूस बहुतेकदा काहीतरी झाकत असतो.

तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडे असं काही झालंय का?

फोडणीचा भात

वाचनखूण साठवली. सावकाश प्रतिसाद देईन. (म्हणजे देणार नाही, पण लेख आवडला.)

मिरजकर

लेख चांगला. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बोस्नियातलं युद्ध थांबलं ते 1995 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नेटोच्या विमानांनी बॉम्ब टाकले म्हणून, आणि मग अमेरिकेतल्या डेटनला बोस्निया, सर्बिया आणि क्रोएशियाच्या तिन्ही अध्यक्षांना कोंडून सह्या घेतल्या म्हणून. बुधवारी चौकात मुकाट उभं राहून एक तोफ तरी थंडावली का? 1995 च्या जुलैत बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सर्ब सैन्याने 8 हजारांहून जास्त बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले, तेव्हा या बायका चार वर्षं उभ्या होत्याच की.

शेवंती

मिरजकर, राग कसला. नाही थंडावली, एकही नाही.

पण त्या नुसत्या उभ्या नव्हत्या. सैन्यातून पळालेल्या आणि भरतीची नोटीस चुकवणाऱ्या पोरांना त्यांनी आसरा दिला. निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन तिथल्या बायकांबरोबर काम केलं. हे सगळं ज्या शहरात पाळत होती आणि शिव्या होत्या, तिथे. युद्ध थांबवणं हा एकच निकष लावला तर आपल्यापैकी कुणाच्याच हातून काहीच झालेलं नाही.

दुसरं असं की खरं काम युद्धानंतर दिसलं. स्रेब्रेनित्साच्या आया दर 11 जुलैला गावाजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीत नव्याने ओळख पटलेल्या हाडांना माती देतात. तिथे सर्बियातून येऊन त्यांच्या शेजारी उभं राहणारं कोण, तर या. हातीजा मेहमेदोविचबद्दल मी पुष्कळ वाचलं. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, तरी ती स्रेब्रेनित्साला परतून आपल्याच घरात राहिली, 2018 मध्ये वारेपर्यंत. अशा बाईला तुमच्या देशातून कुणीतरी येऊन "हे आमच्या लोकांनी केलं" म्हणतं, एवढंही महत्त्वाचं नाही का?

2010 च्या जुलैत त्यांनी बेलग्रेडच्या भर बाजाररस्त्यावर बूट मागितले. "एक जोड, एक जीव". 8372 जोड जमवायचे, स्रेब्रेनित्सात मारलेल्या प्रत्येकासाठी एक. कल्पना करा, खरेदीला निघालेल्या माणसाच्या पायाखाली रांगेने बूट.

मिरजकर

बुटांचं पटलं. तोफांवरचं मत कायम.

जुनाट मोडेम

अवांतर, पण मला राहवत नाही. त्या काळात सर्बिया आणि क्रोएशियामधल्या टेलिफोन लाइनी तोडलेल्या होत्या. झाग्रेबहून बेलग्रेडला फोन लागायचा नाही. तेव्हा शांततावाल्यांनी "झा मीर" (अर्थ: शांततेसाठी) नावाचं संगणकांचं जाळं उभारलं, 1992 मध्ये. झाग्रेबचा संगणक जर्मनीतल्या बीलेफेल्डला फोन लावायचा, बेलग्रेडचाही तिथेच लावायचा, आणि निरोपांची अदलाबदल जर्मनीत व्हायची. साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरच्या बाईला निरोप पाठवायला तो आधी जर्मनीला जाणार! स्त्रीसंघटनांनी ते भरपूर वापरलं. नंतर सारायेव्होतही एक केंद्र झालं. आत्ता आपण ज्या जागी भांडतोय, तिचे हे पूर्वज समजा.

शेवंती

वा! हंगेरीच्या वळशाची ही तारेवरची आवृत्ती. धन्यवाद.

कडीपत्ता

मिरजकरांना उत्तर लायबेरियात आहे. तिथे खरंच थांबलं.

2003 चं मोनरोव्हिया. एकीकडे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, दुसरीकडे बंडखोर गट. लेमा ग्बोवी ही लुथरन चर्चमधली समाजसेविका आणि असातू बाह केनेथ ही मुसलमान पोलीस अधिकारी, यांच्या पुढाकाराने चर्चमधल्या आणि मशिदीतल्या बायका एकत्र आल्या. हेही सोपं नव्हतं. ख्रिस्ती बायकांपैकी काहींना मुसलमान बायकांबरोबर प्रार्थना करणं मान्य नव्हतं. समजूत घातली ती एका प्रश्नाने: गोळी काय धर्म विचारून लागते? पांढरे कपडे घालून त्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसायच्या. मुद्दाम तिथे, कारण टेलरचा ताफा त्या रस्त्याने जायचा. 23 एप्रिलला टेलरला त्यांना भेटावंच लागलं.

मग घानातल्या आक्रा शहरात बोलणी सुरू झाली आणि आठवडेच्या आठवडे नुसती हॉटेलची बिलं वाढत राहिली. तेव्हा त्या दारात हातात हात अडकवून बसल्या, सही झाल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही म्हणून. पोलीस धरायला आले तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे बघणाऱ्या पुरुषाला शाप. मध्यस्थ जनरल अबुबकर यांनी पोलिसांना मागे घेतलं. 11 ऑगस्टला टेलर नायजेरियाला गेला, 18 ला करार झाला. 2011 च्या शांततेच्या नोबेलमध्ये ग्बोवीचा वाटा आहे.

आणि आपला धागा सांगू? 2007 च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांसाठी निव्वळ बायकांची पहिली पोलीस तुकडी लायबेरियात उतरली, ती आपल्या सीआरपीएफची. 2016 पर्यंत एकामागून एक तुकड्या गेल्या. माझ्या मावसबहिणीची मैत्रीण एका तुकडीत होती. तिने आणलेली बातमी एवढीच: तिथल्या मिरचीपुढे कोल्हापूर फिकं.

शेवंती

कडीपत्ता, बघा, इथे माझं म्हणणं अर्धं खोटं पडतं. लायबेरियात "आम्ही आया आहोत" हेच चाललं. मला वाटतं फरक असा की तिथे दोन्ही धर्मांच्या बायका एकाच शहरात, एकाच बाजारात, एकाच टेलरला तोंड देत होत्या. बेलग्रेड आणि सारायेव्होचं तसं नव्हतं. अजून विचार करतेय.

सातारची लेक

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत होते. कारगिलच्या वेळी ते वर होते. गावात फोन एकच, स्टँडवरच्या बूथमध्ये. रोज संध्याकाळी आम्ही तीन-चार जणी तिथे जाऊन बसायचो. बूथवाला पैसे घ्यायचा नाही.

शेवंतीताई, तुमचं लिखाण चांगलं आहे, पण सैन्यातून पळणाऱ्याला आसरा देणाऱ्या बाईचं कौतुक माझ्याने होणार नाही. माझा माणूस पळाला नाही. त्याच्या शेजारचाही नाही पळाला, तो परत आला नाही. आता त्याच्या बायकोला मी काय सांगू, की शहाणी माणसं पळाली?

शेवंती

ताई, यावर पटकन काही लिहायला धजावत नाही.

एवढंच म्हणते, तिकडची परिस्थिती वेगळी होती. 1991 च्या शरदात बेलग्रेडच्या पोरांना धाडत होते ते व्हुकोवारवर, म्हणजे कालपर्यंत आपल्याच देशात असलेल्या गावावर. देशाचं रक्षण करणारा आणि शेजारचं गाव जाळायला नेलेला यांना मी एका तागडीत घालत नाही. पण तुमच्या मैत्रिणीला हे सांगायची माझी प्राज्ञा नाही, हेही खरं.

सीताबर्डी

"आपल्याकडे असं काही झालंय का" याला उत्तर आमच्या नागपूरचं आहे. निर्मला देशपांडे. लेखक पु. य. देशपांडे आणि विमलाबाई यांची मुलगी, जन्म 1929. मॉरिस कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. विनोबांच्या भूदानात गेल्या त्या गेल्याच. सगळा देश त्यांना दीदी म्हणायचा, मराठी माणसालाच त्यांची आठवण कमी, हे आपलं नेहमीचं.

कारगिल 1999 च्या उन्हाळ्यातलं. डिसेंबरात कंदाहारचं विमान अपहरण. आणि 2000 च्या मार्चमध्ये दीदी दिल्लीहून बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या! थोड्याच दिवसांनी अस्मा जहांगीर पाकिस्तानातल्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. आता अस्मा कोण, तर पाकिस्तानी लष्कराला आणि तिथल्या स्त्रीविरोधी कायद्यांना कोर्टात आणि रस्त्यावर भिडलेली वकील. म्हणजे शेवंतीताई, तुमचाच नियम, आपल्या बाजूला आधी जाब विचारलेली बाई. अशी बाई बसमध्ये असते तेव्हा त्या बसला वजन येतं, नाहीतर सहलच ती.

दीदी 1 मे 2008 ला गेल्या. त्यांच्या अस्थींतला थोडा भाग सिंधू नदीत सोडला, पाकिस्तानातल्या सिंधमध्ये. नंतर त्यांना पाकिस्तानने मरणोत्तर सितारा-ए-इम्तियाज दिला. आपला पद्मविभूषण 2006 चा.

मिरजकर

पु. य. देशपांड्यांच्या कन्या, हे माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी.

शेवंती

मलाही. आणि लाहोरचं निघालंच आहे तर एक राहिलेलं सांगते. 2015 च्या मे महिन्यात, 7 ते 10 तारखेला, सारायेव्होत "स्त्रियांचं न्यायालय" भरलं. पूर्वीच्या युगोस्लाव्हियाच्या सगळ्या देशांतल्या बायका एका मंचावर आल्या, 36 जणी बोलल्या. बलात्कार झालेल्या, मुलं गमावलेल्या, मुलाला जबरदस्तीने लढायला नेलेल्या, आणि युद्धानंतर कारखाने विकले गेले तेव्हा रस्त्यावर आलेल्या कामगार बायकासुद्धा. शिक्षा सुनावायची नव्हती, ते काम हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं. हेगने 22 फेब्रुवारी 2001 ला बोस्नियातल्या फोचा गावाच्या खटल्यात लैंगिक गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा धरून शिक्षा दिली होती. पण हेगला बाई साक्षीदार असते, विचारलं तेवढंच बोलायचं. इथे तिने स्वतःला हवं तसं सांगायचं होतं. तयारीला पाच वर्षं गेली, बायकांनी आधी एकमेकींसमोर बोलून बघितलं.

हा प्रकार युरोपातला नाही. बंगळुरूच्या कोरिन कुमार आणि त्यांच्या आशियाई सहकारिणींनी नव्वदच्या दशकात अशी न्यायालयं भरवायला सुरुवात केली, आणि सुरुवातीच्यांपैकी एक लाहोरला झालं होतं.

डॅन्यूबकाठ

मी व्हिएन्नात नर्स आहे. आमच्या वॉर्डात अर्धा स्टाफ जुन्या युगोस्लाव्हियातला. तिघींची भाषा एकच, पण नाव विचारलं तर तीन सांगतात. कॉफी मात्र एकत्र पितात. पितळेच्या छोट्या भांड्यात उकळलेली, साखरेचा खडा तोंडात धरून.

कामामुळे मला बोस्नियातल्या झेनित्साच्या मेडिका या केंद्राबद्दल माहीत होतं. मोनिका हाउसर नावाच्या तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ बाईने 1993 च्या एप्रिलमध्ये, युद्ध चालू असताना, तिथल्या डॉक्टर, नर्स आणि मानसोपचारवाल्या बायकांबरोबर हे केंद्र उघडलं. बलात्कारित बाईला तपासताना काय विचारायचं नाही, हे आम्ही आज शिकतो, ते त्या तिथे रोज करता करता शिकल्या. मध्य बोस्नियात तेव्हा क्रोएट आणि बोस्नियाक सैन्यंही एकमेकांत लढत होती, आणि आत काम करणाऱ्यांत वेगवेगळ्या नावांच्या बायका होत्या. सलाइनची बाटली धरायला दुसरा हात लागतोच, तो कुणाचा हे कोण बघतं.

आमच्या वॉर्डातलं एक सांगते. एक बोस्नियातल्या तुझ्लाची आहे, तिचा मामा स्रेब्रेनित्सात गेला. दुसरी सर्बियातल्या नोव्ही सादची, सर्ब. जुलै आला की दोघींचं बोलणं कमी होतं, कॉफी चालू राहते. ड्यूटीचा तक्ता मी लावते. गेली सहा वर्षं नोव्ही सादची जूनमध्येच येऊन सांगते, 11 जुलैची तिची ड्यूटी मला लाव. कारण सांगत नाही. तुझ्लाचीने कधी आभार मानलेले मी ऐकले नाहीत. एकदा मीच मराठी बाणा दाखवून म्हटलं, अगं बोला की एकमेकींशी! दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप कपबशा उचलल्या.

फोडणीचा भात

प्रतिसाद देणार नव्हते. पण हे ड्यूटीचं वाचून ऑफिसात डोळे पुसावे लागले, म्हणून ही नोंद.

सातारची लेक

शेवंतीताई, तुम्ही उत्तर द्यायची घाई केली नाही, बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही.

पण त्या बसचं वाचून आठवलं. 2000 साली ती बातमी दूरदर्शनवर दाखवली होती. मी चिडून टीव्ही बंद करायला उठले. हे तेव्हा अजून वरच होते. पत्रं "केअर ऑफ 56 एपीओ"ला जायची, उत्तर कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "राहू दे गं, बघू दे. त्या बाया तिकडं चालल्यात तर त्यांच्याकडच्या आयांना कुणीतरी विचारा म्हणावं, त्यांना तरी पोरांची पत्रं वेळेवर मिळतात का."